टाकासमोर बसून खंडोबाचा ध्यानश्लोक म्हणायचा कसा

नवीन घर मांडलं की देव्हारा मांडला जातो, घरून टाक (देवांच्या चांदीच्या पत्र्यावरच्या प्रतिमा) येतात, आई किंवा सासूबाई पूजेचं साधारण सांगतात, म्हणजे निर्माल्य काढा, देव ताम्हनात घ्या, पाणी घाला, पुसा, गंध-फूल वाहा, निरांजन ओवाळा. हे सगळं बरोबरच आहे, पण त्याच्या आधी ध्यान असतं आणि ते नेमकं राहून जातं, कारण ते दाखवता येत नाही, हातानं करायची गोष्ट नाही ना ती. मग पूजा दहा मिनिटांत उरकते आणि आपण नक्की कोणाला अंघोळ घातली हे मनात येतच नाही. ध्यानश्लोक त्यासाठीच असतो. चारच ओळी, पण त्यात देव कसा दिसतो, कशावर बसलाय, हातात काय आहे, सोबत कोण आहे, हे सगळं असतं, ते म्हणायचं आणि मनात बघायचं आणि मगच पूजेला हात लावायचा.

मी खंडोबाचा श्लोक घेऊन सांगतेय कारण आपल्याकडे कितीतरी घरांचं कुलदैवत खंडोबा आहे आणि देव्हाऱ्यात त्याचा टाक असतोच. तुमचं कुलदैवत दुसरं असेल तरी पद्धत हीच, पुढे बाकीच्या देवांचं पण थोडं लिहिलंय.

श्लोक हा :

ध्यायेन्मल्लारिदेवं कनकगिरिनिभं म्हाळसाभूषितांकं
श्वेताश्वं खड्गहस्तं विबुधबुधगणैः सेव्यमानं कृतार्थम् ।
युक्तांघ्रिं दैत्यमूर्ध्नि डमरुविलसितं नैशचूर्णाभिरामं
नित्यं भक्तेषु तुष्टं श्वगणपरिवृतं वीरमोंकारगम्यम् ॥

काही पुस्तकांत 'मूर्ध्नी' असं दीर्घ छापलेलं दिसतं, एखादं अक्षर इकडचं तिकडे असतं. तुमच्या घरात जे चालत आलंय ते धरा, त्यावरून कोणाशी वाद घालू नका.

आधी टाक हातात घ्या

पाठांतराला लगेच बसू नका. पहिल्या दिवशी एवढंच करा, पूजेच्या वेळी टाक ताम्हनातून काढून स्वच्छ पुसला की खिडकीपाशी न्या आणि उजेडात जरा तिरपा धरून बघा. चांदीच्या पत्र्यावर ठोकून उठवलेलं चित्र असतं ते, समोरून चपटं दिसतं, तिरपं धरलं की उठून येतं. घोडा दिसेल. घोड्यावर देव, उगारलेली तलवार, आणि बहुतेक टाकांवर देवासोबत घोड्यावरच म्हाळसा, म्हणजे त्याची बायको, बसलेली असते. खाली घोड्याच्या पायाशी कुत्रा. घरात लहान मूल असेल तर त्याला कुत्रा शोधायला सांगा, ते बरोबर शोधतं आणि मग रोज पूजेला येऊन बसतं.

जुना टाक असेल तर यातलं निम्मं दिसणार नाही. तीन-चार पिढ्या चिंचेनं, राखेनं, आता पितांबरीनं घासून घासून चेहरा गुळगुळीत झालेला असतो, तलवारीची नुसती रेघ उरते, कुत्रा तर बऱ्याचदा गेलेलाच असतो. म्हणून तर श्लोक पाहिजे. पत्र्यावरचं झिजतं, तोंडातलं झिजत नाही, पणजीनं जो देव बघितला तोच आपण बघतो. (आणि हो, चांदीचा टाक रोज पावडरनं घासू नका, रोज साध्या पाण्यानं धुवून मऊ फडक्यानं पुसला तरी चालतो, पावडर सणावाराला.)

मग ओळीत काय काय आहे ते बघा

टाक बघून झाला की श्लोक घ्या आणि प्रत्येक तुकड्याचं चित्र मनात लावा. या पायरीवर सगळ्यात जास्त वेळ द्या, आठवडा गेला तरी चालेल.

पहिल्या ओळीत मल्लारिदेव म्हणजे मल्ल दैत्याचा शत्रू, त्याचं ध्यान करावं असं सांगितलंय. तो कनकगिरीसारखा आहे, सोन्याच्या डोंगरासारखा. हा डोंगर म्हणजे मेरू पर्वत, पण ज्यानं सोमवती अमावस्येला किंवा चंपाषष्ठीला जेजुरीचा गड भंडाऱ्यानं, उधळलेल्या हळदीनं, पिवळाधमक झालेला बघितलाय त्याला मेरू कशाला शोधायला पाहिजे, तोच गड डोळ्यांसमोर आणा. मग म्हाळसा, तिनं देवाची मांडी शोभिवंत केलीय. टाकावर ती घोड्यावर देवाला अगदी लगटून का बसलेली असते ते इथे कळतं. आणि मला तर फार बरं वाटतं की एवढ्या भारदस्त संस्कृत श्लोकात आपली म्हाळसा आपल्या ळ सकट तशीच बसलीय.

दुसऱ्या ओळीत पांढरा घोडा आणि हातात खड्ग. हा घोडा कुठला, तर मणी दैत्याचा. मणी आणि मल्ल हे दोघे भाऊ, देवाशी लढले आणि मरताना मणीला पश्चात्ताप झाला, त्यानं आपला पांढरा घोडा देवाला दिला आणि तुझ्याजवळ राहू दे असा वर मागितला, अशी कथा आहे. म्हणून 'श्वेताश्वं' म्हणताना नुसता घोडा आणू नका, शरण आलेल्याचा घोडा देवानं आपलं वाहन केलं हे पण आठवा. पुढे देव आणि ज्ञानी लोक त्याची सेवा करतायत, आणि तो कृतार्थ आहे, त्याला मिळवायचं असं काही राहिलेलं नाही.

तिसऱ्या ओळीत दुसरा भाऊ. मल्लानं शेवटपर्यंत वाईटच मागितलं, देवानं त्याचं डोकं उडवलं, आणि दैत्याच्या डोक्यावर पाय ठेवलेला देव म्हणजे 'युक्तांघ्रिं दैत्यमूर्ध्नि'. दुसऱ्या ओळीत एक भाऊ आणि तिसऱ्या ओळीत दुसरा, ही जोडी लक्षात ठेवली की ओळींचा क्रम चुकत नाही. मग डमरू, कारण तो मूळचा शंकर. आणि मग 'नैशचूर्णाभिरामं', निशा म्हणजे हळद, हळदीच्या चूर्णानं सुंदर दिसणारा, म्हणजे आपला भंडारा. इथे पोचलं की मला दर वेळी भंडाऱ्याचा वास येतो, खरंच येतो. तुम्ही सुरुवातीला भंडाऱ्याची डबी शेजारी उघडी ठेवून श्लोक म्हणा, वासानं ओळ पटकन आठवते.

चौथी ओळ सगळ्यात जवळची. भक्तांवर कायम प्रसन्न, कुत्र्यांच्या घोळक्यानं वेढलेला, वीर, आणि ओंकारानं ज्याच्यापर्यंत पोचता येतं असा. कुत्रे आणि ओंकार एकाच ओळीत! राजा पण आहे, शिकारी पण आहे आणि शंकर पण आहे, धनगर असो नाहीतर देशस्थ, सगळ्यांना तो आपला का वाटतो याचं उत्तर या एका ओळीत आहे असं माझं मत आहे.

श्वास कुठे घ्यायचा

या श्लोकाचं वृत्त स्रग्धरा आहे. वृत्त म्हटलं की शाळेतलं ल-गा आठवून टेन्शन घेऊ नका, कामाचं एवढंच की एका ओळीत 21 अक्षरं आणि ती 7-7-7 अशी तुटतात. म्हणजे :

ध्यायेन्मल्लारिदेवं – कनकगिरिनिभं – म्हाळसाभूषितांकं

बोटावर मोजून बघा, तिन्हीत सात-सात. गंमत अशी की पहिला तुकडा जड आणि सावकाश चालतो, मधल्या तुकड्यात सहा ऱ्हस्व अक्षरं लागोपाठ येतात म्हणून तो टापांसारखा पळतो, 'कनकगिरिनिभं', 'विबुधबुधगणैः', 'डमरुविलसितं', 'श्वगणपरिवृतं', चारही ओळींत तसंच, आणि तिसरा तुकडा परत सावकाश होऊन टेकतो. हे एकदा कानात बसलं की चाल वेगळी शोधावी लागत नाही.

चार ओळी गुणिले तीन म्हणजे बारा तुकडे. नवीन माणसानं प्रत्येक तुकड्यानंतर थांबायचं, श्वास हवा असेल तर घ्यायचा आणि त्या तुकड्यातलं चित्र बघून मग पुढे जायचं. सवय झाली की ओळीच्या शेवटीच श्वास घ्या. पण तुकड्याच्या मध्ये, म्हणजे 'म्हाळसाभू' म्हणून थांबले आणि मग 'षितांकं', असं नको, अर्थ पण तुटतो आणि कानाला पण लागतं.

उच्चाराच्या नेमक्या जागा

सगळा श्लोक अवघड नाहीये, चार-पाच जागा अवघड आहेत, तेवढ्याच घासा.

मराठी बोलताना आपण शब्दाच्या शेवटचा किंवा मधला अ खाऊन टाकतो, 'गण' लिहितो आणि 'गण्' म्हणतो. संस्कृतात तो पूर्ण म्हणायचा. 'श्वगण्परिवृतं' नाही, श्व-ग-ण-प-रि-वृ-तं, सातही अक्षरं सुटी ऐकू आली पाहिजेत. 'कनक्गिरि' नाही, क-न-क-गि-रि. आपल्याकडे सगळ्यात जास्त होणारी चूक ही, आणि ती झाली की अक्षरं कमी पडून चाल लंगडते, म्हणजे कानालाच कळतं.

'श्व' ला 'स्व' म्हणू नका. श्वन् म्हणजे कुत्रा, स्वगण म्हटलं तर कुत्रे जातात आणि आपले लोक येतात.

'गणैः सेव्यमानं' इथे विसर्गाला मुद्दाम 'हि' असा झटका देऊ नका, पुढे स आहे तर 'गणैस्सेव्यमानं' असं सहज जुळतं. 'चूर्ण' मधला च हा चंद्राचा च, चाकाचा नाही. 'युक्तांघ्रिं' ला जीभ अडकते, आधी नुसतं 'अंघ्रिं' पाच-सहा वेळा म्हणा, मग 'युक्ता' जोडा. 'ध्यायेन्मल्लारि' मधला न् आणि म मिळून एका दमात, 'ध्याये... नमल्लारि' असं फोडू नका.

यूट्यूबवर ऐकून शिकायला काही हरकत नाही, पण दोन गोष्टी सांभाळा. एकच रेकॉर्डिंग धरा, रोज वेगळं ऐकलं की तीन चालींची खिचडी होते, आणि संगीत कमी असलेलं निवडा म्हणजे अक्षरं ऐकू येतील. स्पीड कमी करून ऐका. आणि पूजेच्या वेळी मात्र मोबाईल बंद, मागे गाणं लावून आपण नुसते ओठ हलवतोय याला ध्यान म्हणता येत नाही, ते ऐकणं झालं.

पाठ करताना

रोज एकच ओळ आणि ती पण शेवटच्या ओळीपासून. हे उलटं वाटेल पण करून बघा, आधी चौथी ओळ पक्की करायची, मग तिसरी-चौथी, मग दुसरी-तिसरी-चौथी. असं केलं की म्हणताना आपण कच्च्याकडून पक्क्याकडे जातो, शेवट नेहमी खणखणीत होतो, नाहीतर बहुतेकांची पहिली ओळ जोरात आणि चौथी तोंडातल्या तोंडात असते. हातानं एकदा मोठ्या अक्षरात लिहून काढा आणि तो कागद देव्हाऱ्याच्या आतल्या बाजूला लावा, बसल्या जागेवरून मान न वळवता दिसेल असा. पाठ झाला तरी काढू नका, सकाळी ऑफिसच्या घाईत येत असलेली ओळ पण डोक्यातून जाते.

सुरू कधी करायचं असं विचाराल तर रविवारी. खंडोबाचा वार आहे आणि सुट्टी पण असते.

आता प्रत्यक्ष पूजेत

अंघोळ करून आसनावर बसा, शक्यतो पूर्वेला किंवा उत्तरेला तोंड करून, पण फ्लॅटमध्ये देव्हारा जिथे बसतो तिथे बसतो, त्याचा बाऊ करू नका. समई किंवा निरांजन लावा. कालची फुलं काढा. पळी-पंचपात्र घेऊन आचमन, केशवाय नमः, नारायणाय नमः, माधवाय नमः म्हणत तीन वेळा पाणी प्यायचं आणि गोविंदाय नमः ला ताम्हनात सोडायचं. ज्यांना संकल्प, कलशपूजा, शंख-घंटेची पूजा येते त्यांनी ती करावी, येत नसेल तर अडून बसू नका, घंटा वाजवा आणि पुढे चला.

मग ध्यान. उजव्या हातात एक फूल किंवा चार अक्षता घ्या, डावा हात त्याखाली, हात छातीपाशी. टाकाकडे नीट बघा. मग श्लोक म्हणा, शेजारच्या माणसाला ऐकू जाईल एवढ्याच आवाजात, सावकाश, पूर्ण श्लोकाला अर्धा-पाऊण मिनिट लागलं पाहिजे. दहा सेकंदात संपला तर काहीच दिसलं नसणार, परत म्हणा. संपल्यावर लगेच फूल वाहू नका. डोळे मिटा आणि तेच चित्र एकदा न बोलता बघा, डोंगर, म्हाळसा, घोडा, खड्ग, पाय, डमरू, हळद, कुत्रे. यातलं काही दिसलं नाही तर नाही, ओढून आणायचं नाही, पहिले काही आठवडे एखादाच तुकडा स्पष्ट दिसतो आणि तो रोज वेगळा असतो. मग डोळे उघडून 'श्रीमार्तंडभैरवाय नमः, ध्यायामि' (मार्तंडभैरव हे खंडोबाचंच नाव) म्हणून ते फूल टाकासमोर ठेवा. आता देव ताम्हनात घ्या.

इथून पुढे फरक कळतो बघा. पाणी घालताना हात आपोआप हळू होतो, पुसताना घोड्याच्या पायाशी कुत्रा आहे हे बोटाला माहीत असतं, आणि शेवटी भंडारा वाहताना 'नैशचूर्णाभिरामं' परत आठवतं.

किती वेळा म्हणायचा असं बरेच जण विचारतात. एकदा. नीट एकदा. जपाची गोष्ट वेगळी, तो पूजेनंतर माळ घेऊन करता येतो. बायकांनी म्हणावा का असं पण विचारतात, तर हा वेदमंत्र नाही, याला उदात्त-अनुदात्त स्वर नाहीत, उपनयन लागत नाही, घरातल्या कोणीही म्हणावा, मुलींनी, सुनांनी, नातवंडांनी. माझं तर म्हणणं आहे की ज्याचा उच्चार घरात सगळ्यात स्वच्छ त्यानं मोठ्यानं म्हणावा आणि बाकीच्यांनी बघावं.

परदेशात असाल आणि टाक भारतात घरीच राहिले असतील तर फोटो चालतो, फोटो नसेल तरी नुसतं ध्यान पूर्ण होतं, मानसपूजा म्हणतातच की. तिकडे फायर अलार्ममुळे धूप-उदबत्ती लावता येत नाही म्हणून खूप जण पूजाच सोडून देतात, सोडू नका, ध्यानाला धूर लागत नाही.

बाकीच्या देवांसाठी

पद्धत तीच, आधी मूर्ती बघा आणि मग तिच्याशी जुळणारा श्लोक घ्या.

गणपतीला बहुतेक घरांत 'वक्रतुंड महाकाय' म्हणतात, म्हणा की, पण ती मागणी आहे, माझी कामं निर्विघ्न कर अशी. ध्यानासाठी अथर्वशीर्षातलंच 'एकदंतं चतुर्हस्तं पाशमंकुशधारिणम्' घ्या, त्यात चारही हात सांगितलेत, पाश, अंकुश, तुटलेला दात आणि वर देणारा हात, पुढे तांबडं वस्त्र, तांबडं गंध, तांबडी फुलं. अथर्वशीर्ष पाठ असलेल्यांना वेगळं काही शिकायलाच नको, फक्त तिथे आल्यावर स्पीड कमी करायचा.

विष्णूसाठी 'शांताकारं भुजगशयनं', वृत्त मंदाक्रांता, मेघदूताचं तेच, 4-6-7 वर थांबायचं, शांताकारं – भुजगशयनं – पद्मनाभं सुरेशं. फक्त तुमच्या देव्हाऱ्यात रांगता बाळकृष्ण असेल तर शेषावर निजलेला विष्णू समोरच्या मूर्तीशी जुळत नाही, तिथे 'करारविंदेन पदारविंदं' जास्त जवळचं, पायाचा अंगठा तोंडात धरलेलं बाळ वडाच्या पानावर निजलंय.

शंकराचा 'ध्यायेन्नित्यं महेशं रजतगिरिनिभं' पण स्रग्धरेतलाच, खंडोबाच्या श्लोकाची चाल त्याला जशीच्या तशी लागते. खंडोबा सोन्याचा डोंगर आणि शंकर चांदीचा, दोन्ही लागोपाठ म्हटले की फार सुंदर वाटतं. रामरक्षा म्हणत असाल तर 'ध्यायेदाजानुबाहुं' हे ध्यान त्यातच आहे, स्तोत्राचं वृत्त अनुष्टुभ् पण ध्यान मात्र स्रग्धरेत, म्हणूनच तिथे चाल बदलते आणि 'चरितं रघुनाथस्य' पासून परत सोपी होते.

पण सगळे एकदम सुरू करू नका. पाच देवांचे पाच श्लोक धावत म्हणण्यापेक्षा कुलदैवताचा एक आणि बाकीच्यांना नुसता नावानं नमस्कार, हे पहिल्या वर्षासाठी पुरे.

मार्गशीर्षातल्या षड्रात्रात

मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदेला देव घटी बसतात ते चंपाषष्ठीपर्यंत. ज्या घरांत ही पद्धत आहे तिथे टाक विड्याच्या पानावर बसवतात आणि उठेपर्यंत हलवत नाहीत, म्हणजे ताम्हनात घेऊन अंघोळ नाही, नुसती फुलं, दिव्याला तेल, माळ. नवीन माणसाला वाटतं आता या दिवसांत करायला काही नाही. उलट याच दिवसांत ध्यान नीट करायला मिळतं, हातांना काम कमी असतं. सकाळी एकदा आणि संध्याकाळी दिवा लावल्यावर एकदा असा दोनदा श्लोक म्हणा, घरातल्या सगळ्यांना बोलवा, एकानं एक तुकडा म्हणायचा आणि दुसऱ्यानं पुढचा. षष्ठीला भरीत-रोडग्याचा नैवेद्य झाला की तळी भरायच्या (ताम्हनात भंडारा-खोबरं ठेवून ते उचलत देवाचा जयजयकार करायच्या) आधी सगळ्यांनी मिळून एकदा पूर्ण म्हणा आणि मग 'सदानंदाचा येळकोट'.